पाचव्या दिवसाचा भ्रूण आणि टक्केवारीचं गणित

आयव्हीएफवरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत फलन घडवून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचारावरच्या, मागच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत सगळ्यांत जास्त प्रश्न गोठवलेल्या भ्रूणांबद्दल होते. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझं वय ३३. बारा स्त्रीबीजं निघाली, आठ फलित झाली, तिसऱ्या दिवशी सात भ्रूण होते. डॉक्टर पाचव्या दिवसापर्यंत थांबले आणि शेवटी तीनच गोठवता आले. चार वाया गेले. तिसऱ्याच दिवशी गोठवले असते तर सात संधी हातात राहिल्या नसत्या का?

उत्तर : सात भ्रूण म्हणजे सात संधी, हा हिशोबच फसवा आहे. स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र आल्यावर १६ ते १८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन केंद्रकं दिसली, की फलन नीट झालं असं मानतात. तीन दिसली तर तो भ्रूण बाजूला काढतात. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी, म्हणजे साधारण ६८ तासांनी, आठ. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना इतक्या बिलगतात की मोजताच येत नाहीत, हा मोरुला. पाचव्या दिवशी आत पाण्याची पोकळी तयार होते आणि पहिल्यांदाच पेशींमध्ये कामं वाटली जातात. आत एक पुंजका, त्यातून बाळ घडतं. भोवती बाहेरचा थर, त्यातून वार घडते. हाच ब्लास्टोसिस्ट.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म. चार-आठ पेशींपर्यंत भ्रूण स्त्रीबीजाने बरोबर दिलेल्या शिदोरीवर चालतो. त्यानंतर त्याची स्वतःची जनुकं कामाला लागावी लागतात. ती नीट लागली नाहीत, किंवा गुणसूत्रांत मोठा घोटाळा असला, तर तिसऱ्या दिवशी देखणा दिसणारा आठ पेशींचा भ्रूणही पुढे सरकत नाही. तुमच्या चारांचं बहुधा हेच झालं. ते तिसऱ्या दिवशी गोठवले असते तर यादीत सात दिसले असते, पण पुढे चार वेळा औषधं, चार वेळा ट्रान्स्फर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) आणि चार वेळा निगेटिव्ह रिपोर्ट वाट्याला आले असते. पाचवा दिवस ही चाळण आहे, खत नव्हे. थांबल्याने भ्रूण सुधारत नाही, फक्त कोणता चालणार नाही ते आधी कळतं.

याला मोजून पाहिलेला आधारही आहे. नेदरलँड्समध्ये बाराशेंहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला तिसऱ्या दिवसाचे भ्रूण दिले, दुसऱ्याला पाचव्या दिवसाचे, आणि गोठवलेले उरलेले भ्रूणही वर्षभराच्या हिशोबात धरले. बाळ घरी येण्याचं एकूण प्रमाण पाचव्या दिवसाच्या गटात ५८.९ टक्के, तिसऱ्या दिवसाच्या गटात ५८.४. म्हणजे सारखंच. फरक पडला तो वाटेत : पाचव्या दिवसाच्या गटाला बाळापर्यंत पोचायला कमी ट्रान्स्फर लागले आणि गर्भपात कमी झाले. मात्र ३७ आठवड्यांआधी प्रसूतीचं प्रमाण त्याच गटात थोडं जास्त होतं, हेही सांगायला हवं.

एक अट लक्षात ठेवा. त्या चाचणीतल्या स्त्रियांकडे दुसऱ्या दिवशी किमान चार भ्रूण होते. एक-दोनच भ्रूण असतील तर चाळायला काही नसतं, आणि प्रयोगशाळेत थांबलेला एखादा गर्भाशयात तगला असता ही शंका पूर्णपणे खोडता येत नाही. अशा वेळी तिसऱ्या दिवशी गोठवणं किंवा सोडणं हा शहाणपणाचाच निर्णय असतो. लॅबच्या दर्जाचाही प्रश्न आहेच. नीट फलित झालेल्या भ्रूणांपैकी साधारण ४० ते ६० टक्के ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतात. तुमचे आठातले तीन, म्हणजे जवळजवळ ४० टक्के. कमी आहेत, पण काळजी करावी इतके नाहीत.

प्रश्न : आमच्या रिपोर्टमध्ये तीन भ्रूण आहेत : '४ एबी', '३ बीबी' आणि '५ बीसी'. शेवटच्यापुढे 'डे सिक्स' लिहिलं आहे. पाच हा आकडा मोठा, मग तोच सगळ्यांत चांगला ना?

उत्तर : नाही. आकडा भ्रूण किती फुगला आहे ते सांगतो, गुणवत्ता नव्हे. एक म्हणजे पोकळी निम्म्याहून कमी, दोन म्हणजे निम्मी किंवा जास्त, तीन म्हणजे पोकळीने भ्रूण व्यापला. चारमध्ये भ्रूण फुगून त्याचं कवच पातळ होतं, पाचमध्ये तो कवच फोडून बाहेर डोकावत असतो आणि सहामध्ये पूर्ण बाहेर आलेला असतो. पहिलं अक्षर आतल्या पुंजक्याचं : 'ए' म्हणजे पुष्कळ पेशी, घट्ट बांधलेल्या, 'सी' म्हणजे मोजक्याच. दुसरं अक्षर बाहेरच्या थराचं : 'ए' म्हणजे सलग, विणल्यासारखा थर, 'सी' म्हणजे थोड्या, मोठ्या, विरळ पेशी. अक्षरं तीनपासून पुढेच देतात, कारण त्याआधी हे भाग वेगळे दिसत नाहीत.

लोक पहिल्या अक्षराकडे बघतात, कारण बाळ त्यातून घडतं. पण रुजण्याचं काम बाहेरचा थर करतो. त्यामुळे दुसऱ्या अक्षरातला 'सी' बऱ्याचदा जास्त भोवतो. तुमच्या तिघांत '४ एबी' आधी वापरतील, मग '३ बीबी', आणि '५ बीसी' शेवटी. ही क्रमवारी आहे, निकाल नव्हे. 'बीबी'तून जन्मलेली मुलं असंख्य आहेत आणि 'एए' असूनही गुणसूत्रं बिघडलेली असू शकतात. ग्रेड नजरेने देतात. एकाच भ्रूणाला दोन तज्ज्ञ 'ए' आणि 'बी' देतील, हे रोजचंच. आणि ग्रेडवरून पुढे बाळाची तब्येत किंवा बुद्धी कशी असेल, हे ठरत नाही.

'डे सिक्स'चा अर्थ एवढाच, की या भ्रूणाला ब्लास्टोसिस्ट व्हायला एक दिवस जास्त लागला. संथ भ्रूणांत गुणसूत्रांचे दोष थोडे जास्त सापडतात, आणि तपासून ठीक ठरलेले सहाव्या दिवसाचे भ्रूणही पाचव्या दिवसाच्या तुलनेत किंचित कमी रुजतात. सातव्या दिवसाचे आणखी कमी, तरी शून्य नाही. ताज्या ट्रान्स्फरमध्ये संथ भ्रूणाचा तोटा जास्त व्हायचा, कारण तोवर गर्भाशयाचं अस्तर पुढे निघून गेलेलं असायचं. गोठवल्यावर ही अडचण सुटते : तयारीच्या वेळापत्रकात सहाव्या दिवसाचा भ्रूणही पाचव्या दिवसाच्या भ्रूणासाठी ठरलेल्या दिवशीच सोडतात. तो प्रोजेस्टेरॉनच्या (अस्तर भ्रूणासाठी तयार करणाऱ्या हार्मोनच्या) एका जास्तीच्या दिवसानंतर सोडायचा असा अनेकांचा समज असतो, तसं नाही.

प्रश्न : एक केंद्र म्हणतं यश ६५ टक्के, दुसरं म्हणतं ४०. दोन्हीकडे ब्लास्टोसिस्टच गोठवतात. मग एवढा फरक कसा? माझं वय ४१ आहे, पण भ्रूण ३७व्या वर्षी गोठवले आहेत.

उत्तर : आधी तुमच्या दुसऱ्या वाक्याबद्दल, कारण ते दिलासा देणारं आहे. भ्रूणाचं वय म्हणजे स्त्रीबीज काढलं तेव्हाचं तुमचं वय. त्यामुळे रुजण्याच्या शक्यतेसाठी सदतीसच धरा. गरोदरपणातला रक्तदाब, साखर वगैरे मात्र एकेचाळीसच्या शरीराचं असतं.

टक्केवारी ऐकली की दोन गोष्टी विचाराव्यात : यश कशाला म्हटलं आणि भागिले कितींनी? समजा, शंभर ट्रान्स्फर झाले. त्यांतल्या ६५ जणींची बीटा एचसीजी (गरोदरपणाची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली. त्यांतल्या ५५ जणींना सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले. बाळ ४६ जणींच्या हातात आलं. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) एकच केंद्र या तीनपैकी कोणताही आकडा 'यश' म्हणून छापू शकतं आणि खोटं बोलल्याचा आरोपही होणार नाही. भागाकारातही असंच. ट्रान्स्फरमागे यश काढलं, तर ज्यांचा एकही भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोचला नाही त्या हिशोबातूनच गळतात. सगळ्यांना ब्लास्टोसिस्टपर्यंत थांबवणाऱ्या केंद्राची टक्केवारी म्हणून आपोआप उंच दिसते. तुमचे भ्रूण आधीच गोठवलेले आहेत, म्हणून तुम्ही एवढंच विचारा : 'स्त्रीबीज काढलं तेव्हा ३५ ते ३७ वयाच्या असलेल्या, स्वतःची स्त्रीबीजं वापरणाऱ्या, एकेकच भ्रूण सोडलेल्या स्त्रियांत, दर ट्रान्स्फरमागे जिवंत बाळ किती?' एका वेळी दोन भ्रूण सोडून टक्केवारी वाढवता येते, पण त्याची किंमत जुळ्यांत आणि मुदतपूर्व प्रसूतीत मोजावी लागते.

वयाचा परिणाम ग्रेडपेक्षा मोठा आहे. तिशीच्या आधी-नंतर ब्लास्टोसिस्टांपैकी साधारण एक तृतीयांशांत गुणसूत्रं चुकलेली असतात. चाळिशीला निम्म्याहून जास्त, आणि ४३च्या पुढे बहुतेक. म्हणून वय न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी.

मग भ्रूणांची गुणसूत्र तपासणी करून टक्केवारी वाढते का? दर ट्रान्स्फरमागे वाढते, कारण तीही एक चाळणच आहे. बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी काढून तपासतात. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या चाचणीत, २० ते ३७ वयाच्या आणि किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट असलेल्या स्त्रियांत, तपासणी केलेल्या गटात बाळाचं एकूण प्रमाण ७७.२ टक्के आणि न केलेल्या गटात ८१.८ टक्के आलं. तरुण वयात, हाताशी पुरेसे भ्रूण असताना, ही तपासणी सरसकट करण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. वारंवार गर्भपात झाले असतील किंवा वय जास्त असेल तर विचार वेगळा.

प्रश्न : ताजा भ्रूण लगेच सोडणं चांगलं की सगळे गोठवून नंतर?

उत्तर : पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा हार्मोन-विकार) असेल तर गोठवण्याकडे कल ठेवा. २०१६च्या मोठ्या चाचणीत पीसीओएस असलेल्या स्त्रियांत गोठवलेल्या भ्रूणांनी बाळाचं प्रमाण ४९.३ टक्के दिलं, ताज्यांनी ४२. आणि अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याचा त्रास ७.१ टक्क्यांवरून १.३ वर आला. पाळी नियमित असलेल्यांमध्ये २०१८च्या दोन चाचण्यांत फरक दिसला नाही. गोठवल्याने भ्रूणाला काही वेगळी ताकद येते असं नाही. इंजेक्शनांनी चढलेल्या हार्मोन्सच्या गर्दीतून अस्तर बाहेर आलेलं असतं, एवढाच फायदा.

प्रश्न : पुढच्या महिन्यात गोळ्या घेऊन एफईटी (गोठवलेल्या भ्रूणाचा ट्रान्स्फर) आहे. अस्तर किती मिलिमीटर हवं? माझा प्रोजेस्टेरॉनचा एखादा डोस चुकला तर सगळं फुकट जाईल का?

उत्तर : गोळ्यांच्या पद्धतीत पाळीच्या सुरुवातीपासून इस्ट्रोजेन (अस्तर जाड करणारं हार्मोन) देतात, बहुधा दिवसाला ६ मिलिग्रॅमच्या आसपास, १० ते १४ दिवस. अस्तर ७ मिलिमीटर किंवा जास्त आणि सोनोग्राफीत तीन रेघा स्पष्ट, एवढं झालं की प्रोजेस्टेरॉन सुरू. ७.४ आलं म्हणून रडू नका. सातच्या पुढे ९ आणि ११ मध्ये फारसा फरक नसतो. सातच्या खाली अडकलं तर इस्ट्रोजेन काही दिवस वाढवतात किंवा ते योनीमार्गे देतात. तरी वाढ नसेल तर नैसर्गिक चक्रात, म्हणजे या गोळ्यांऐवजी स्वतःच्या पाळीच्या चक्रात, प्रयत्न करतात.

अस्तराच्या जाडीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. प्रोजेस्टेरॉनचा पहिला डोस हा शून्याचा क्षण. ब्लास्टोसिस्ट असेल तर पूर्ण पाच दिवस प्रोजेस्टेरॉन झाल्यावर, म्हणजे सहाव्या दिवशी, ट्रान्स्फर. तिसऱ्या दिवसाचा भ्रूण असेल तर चौथ्या दिवशी. कारण सरळ आहे : भ्रूणाचं वय आणि अस्तराचं वय जुळलं पाहिजे. म्हणून सुरुवातीचा डोस चुकणं जास्त महागात पडतं. पहिल्या दिवशी बारा तास उशिरा सुरू केलं आणि कुणाला सांगितलं नाही, तर लॅब भ्रूण ठरल्या वेळी वितळवणार आणि अस्तर अर्धा दिवस मागे असणार. अशा वेळी फोन केला तर ट्रान्स्फर पुढे ढकलता येतो; भ्रूण एकदा वितळला की ती सोय उरत नाही. ट्रान्स्फरनंतर एखादा डोस राहिला तर आठवताच घ्या, दुप्पट घेऊ नका आणि त्याच दिवशी कळवा.

योनीतल्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सहसा दिवसाला ८०० मिलिग्रॅमपर्यंत असतात. काहींच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन तरीही कमी राहतं. ट्रान्स्फरच्या सुमारास ते मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर यश घटल्याचं आढळलं आहे. म्हणून अनेक केंद्रं रक्त तपासून गरज पडल्यास इंजेक्शन जोडतात. डोस घातल्यावर पांढरा स्राव बाहेर येतो; औषध शोषलं गेलं नाही असा त्याचा अर्थ नाही.

पाळी नियमित असेल तर गोळ्यांऐवजी नैसर्गिक चक्रात ट्रान्स्फर होतो का, हे जरूर विचारा. गोळ्यांच्या पद्धतीत अंडं फुटत नाही, त्यामुळे अंडाशयातली हार्मोन देणारी पिवळी गाठ तयारच होत नाही, आणि पुढे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त आढळतो. त्याच कारणाने या पद्धतीत प्रोजेस्टेरॉन दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवावं लागतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून मनाने औषध बंद केल्याचं ऐकू येतं. ते गर्भाला थेट घातक ठरू शकतं.

प्रश्न : गोठवलेला भ्रूण वितळवताना मरतो का? आणि किती वर्षं टिकतो?

उत्तर : जुन्या संथ गोठवणीत बऱ्याचदा मरायचा, कारण पेशींतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होऊन त्या फाटायच्या. आताच्या विट्रिफिकेशनमध्ये संरक्षक द्रावात बुडवून मिनिटाला हजारो अंशांनी थंड करतात. पाण्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, ते काचेसारखं थिजतं. चांगल्या लॅबमध्ये शंभरात ९५हून जास्त भ्रूण वाचतात. ब्लास्टोसिस्टच्या पोकळीत पाणी जास्त, म्हणून गोठवण्याआधी काही ठिकाणी लेसरने ती रिकामी करतात. वितळल्यावर तो आकसलेला दिसतो आणि दोन-चार तासांत पुन्हा फुगतो. न फुगलेलाही कधी कधी रुजतो, पण शक्यता कमी. आठ पेशींच्या भ्रूणात निम्म्या पेशी जगल्या तरी तो वापरता येतो; हवं तर रात्रभर ठेवून पेशी पुढे वाढतात का ते बघतात.

उणे १९६ अंशांवरच्या द्रव नायट्रोजनमध्ये जैविक घड्याळ थांबतं. १९९२ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांपासून २०२२ मध्ये अमेरिकेत जुळी मुलं जन्मली. धोका काळाचा नसतो. टाकीतला नायट्रोजन कमी होणं आणि लेबलची चूक, याचा असतो. म्हणून टाकीला अलार्म आहे का आणि नाव किती वेळा पडताळतात, हे विचारायला संकोचू नका.

प्रश्न : दोन चांगले ब्लास्टोसिस्ट रुजले नाहीत. आता 'इआरए' (अस्तराचा तुकडा तपासून ट्रान्स्फरची वेळ ठरवणारी) तपासणी, अस्तर खरवडणं आणि पंधरा दिवस झोपून राहणं, असं सुचवलं आहे. करावं का?

उत्तर : झोपून राहणं आधी सोडा. भ्रूण तळहातावरच्या मण्यासारखा नसतो, उठलात तर पडेल असा. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. विश्रांतीने यश वाढत नाही. खरवडण्याबद्दल २०१९ मध्ये तेराशेंहून अधिक स्त्रियांवरची चाचणी झाली : केलेल्यांत आणि न केलेल्यांत, दोन्हीकडे बाळाचं प्रमाण २६.१ टक्के. 'इआरए'वर २०२२ मध्ये : त्याप्रमाणे वेळ ठरवलेल्यांत ५८.५ टक्के, नेहमीच्या वेळी केलेल्यांत ६१.९. दोन्हींवर खर्च करण्याआधी दहादा विचार करा.

त्याऐवजी काय पाहावं? गर्भनलिकेत पाणी साठलं आहे का. तसं असेल तर ते द्रव गर्भाशयात उतरतं आणि रुजण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणतं. नलिका काढून किंवा बांधून मगच पुढचा भ्रूण वापरावा. हिस्टरोस्कोपीने (गर्भाशयात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीने) पॉलिप (अस्तरावरची छोटी वाढ), पडदा, चिकटलेला भाग दिसतो. थायरॉइड तपासा. मागच्या ट्रान्स्फरच्या नोंदी मागवा : कॅथेटर (भ्रूण सोडायची बारीक नळी) सहज गेलं होतं का, रक्त लागलं होतं का, भ्रूण कॅथेटरमध्येच अडकून दुसऱ्यांदा सोडावा लागला का, त्या दिवशी प्रोजेस्टेरॉन किती होतं. आणि गणितही बघा. एका भ्रूणाची शक्यता ४० टक्के धरली तर दोन्ही न रुजण्याची शक्यता ३६ टक्के, म्हणजे तीनपैकी एकीच्या वाट्याला हे निव्वळ योगायोगाने येतं.

तिसऱ्या ट्रान्स्फरनंतर घरची चाचणी पाचव्या दिवशी करू नका. ब्लास्टोसिस्ट सोडल्यावर रुजायला दोन-तीन दिवस जातात आणि रक्तात एचसीजी दिसायला आणखी काही. रक्तचाचणी ९ ते ११ दिवसांनी ठेवतात ती त्यासाठीच. नैसर्गिक चक्रात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते दहा-चौदा दिवस अंगात राहून खोटी दुसरी रेघ दाखवू शकतं. छातीत दुखणं, पोट फुगणं ही प्रोजेस्टेरॉनचीही लक्षणं आहेत. थोडा डाग दिसला तर औषध थांबवू नका, केंद्राला फोन करा. पहिला आकडा आला की ४८ तासांनी दुसरा घ्या. एकट्या आकड्यापेक्षा तो किती वाढला, यावरून जास्त कळतं. संथ वाढ आणि एका बाजूला दुखणं असं दोन्ही असेल तर गर्भ नलिकेत राहिल्याची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.